आधी ठरवा, शिकवायचं कुणाला?

ताई, तुमच्या भाचीला ‘शेती शिकवायची आहे’ आणि घरचे म्हणतात बॉटनी घेऊन बी.एड. कर. तुमच्या प्रश्नाखाली दोघा-तिघांनी त्याला दुजोरा दिलाय, पण मला ते पटत नाही. त्या वाटेने ती शाळेत विज्ञान शिकवेल, त्यात शेतीचा धडा एखादा. कृषी महाविद्यालयात शिकवायचं असेल तर बी.एससी. कृषीच हवी. चार वर्षं, प्रवेश सीईटीतून, राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली विद्यापीठाखालच्या कॉलेजात. पुढे एम.एससी. आणि एएसआरबीची (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची) नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा. लांबचा पल्ला आहे, हे तिला आत्ताच सांगा.

शिकवण्याची खरी परीक्षा मात्र बी.एससी.च्या शेवटच्या वर्षी, गावात राहून काम करायचं असतं तेव्हा होते. आमच्या गटाने माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यायचा, याचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा, कडेची माती खरवडून घ्यायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. मी पाठ केलेलं घडाघडा बोललो. एका आजोबांनी विचारलं, “बांधाजवळची का नाही घ्यायची?” तोंडच बंद. झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची का टाळायची, तेही त्याच दिवशी नीट कळलं.

एम.एससी.ला विस्तार शिक्षण (शेतीचं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत कसं पोचवायचं) हा विषयही असतो, शिकवण्याची आवड असणाऱ्यांचं तिकडे लक्षच जात नाही. आणि हो, प्रवेशाआधी कॉलेजचं प्रक्षेत्र, म्हणजे त्यांची शेती, बघून या. नुसती इमारत नको.