फोंड्यूच्या भांड्यात ब्रेड कुणाकुणाचा?

प्रेषक: एक सभासद, सध्या मुक्काम टिळकवाडी, बेळगाव
विषय: जानेवारीचं स्नेहभोजन

सर्वांना नमस्कार,

सचिवांची मेल इथे माहेरी वाचली. आपल्या मंडळाचं यंदाचं स्नेहभोजन झुरिकच्या फोंड्यू रेस्टॉरंटमध्ये ठरलंय (फोंड्यू म्हणजे वितळलेलं चीज, त्यात ब्रेड बुडवून खायचा), आणि आमच्या लेकीने "मी पण जाणार" असं आज्जीला सांगूनही टाकलंय. ती अकरा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिला सीलियाक हा आजार असल्याचं कळलं. गहू, जव किंवा राय या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठतं. यावर गोळी नाही, जन्मभराचं पथ्य आहे.

मला वाटलं होतं, बेळगावात तरी महिनाभर निर्धास्त राहू. भाकरीचा मुलूख आपला. पण पहिल्याच आठवड्यात तिचं पोट बिघडलं. तिच्या ताटात गव्हाचं काही येत नव्हतं, मग आलं कुठून? शेवटी गिरणीत जाऊन उभी राहिले. आमच्या ज्वारीच्या डब्याआधी कुणाचे तरी गहू दळून झाले होते. पीठ पडतं त्या कापडी पिशवीला मी हाताने झटका दिला, तर मूठभर पीठ भुरभुरत खाली आलं. तेच आमच्या डब्यात उतरत होतं. गिरणीवाल्या काकांचा यात काही दोष नाही, ते सगळ्यांचंच दळण दळतात. दादाने दुसऱ्या दिवशी घरघंटी आणली. तिच्यात आता ज्वारी, तांदूळ आणि नाचणी, एवढंच जातं.

मग हिंग. डबी उन्हात धरून बारीक अक्षरं वाचली, तर घटकांत गव्हाचं पीठ. खानापूरकडच्या एका लग्नात मांडे तिने आपणहून बाजूला सारले, तिला माहीत आहे मांडे कशाचे असतात ते. पण आमटीची फोडणी कुठल्या हिंगाची, हे आचाऱ्यालाही सांगता येईना. लेकरू भात आणि दही खाऊन उठलं.

म्हणून विचारते. फोंड्यूचं भांडं टेबलावर एकच असतं आणि सगळे त्यात ब्रेड बुडवतात. मला ते भांडं त्या गिरणीसारखंच दिसतंय. तिथे ती जेवू शकेल का, की आम्ही या वेळी नुसतं भेटायला येऊ? दोन वर्षांत तिने कुणाच्या ताटातलं काही उचललेलं नाही. तिला खोटी आशा लावायची नाही, एवढंच.

---

प्रेषक: एक सभासद, मूळ गाव निपाणी
विषय: उत्तर: जानेवारीचं स्नेहभोजन

ताई, नमस्कार.

सीलियाक मलाही आहे, आणि मी फोंड्यू खातो. त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी भांड्यात काय असतं ते बघू. इथे सर्वांत चालतं ते अर्धं ग्रुयेर आणि अर्धं वाशरां फ्रिबुर्जुआ, ही दोन स्विस चीज. भांड्याला आतून लसूण चोळतात, पांढरी वाइन घालतात, चीज वितळलं की वरून किर्श म्हणजे चेरीची दारू, थोडं जायफळ. मिश्रण फुटू नये म्हणून त्याला स्टार्च लावतात, बहुतेक वेळा मक्याचं. यातल्या कशातच ग्लुटेन नाही. पण काही स्वयंपाकघरांत मक्याऐवजी मैद्याचा हात लागतो, आणि बिअर घातलेलं फोंड्यू असेल तर बिअर जवाची. म्हणून रेस्टॉरंटला फोन करून पहिला प्रश्न घट्ट कशाने करता, हा विचारायचा. लहान मुलांसाठी वाइनऐवजी सफरचंदाचा रस घालूनही करतात, तेही त्याच फोनवर विचारून घ्यावं.

खरी अडचण तुम्ही बरोबर ओळखलीत. "ग्लुटेनफ्री आहे का?" असं विचारलंत तर "हो, चीजच तर आहे" असं उत्तर येईल. ते खोटं नसतं, पण उपयोगाचंही नसतं. ब्रेडचा तुकडा काट्यावरून निसटून भांड्यात पडणं ही तर इथली ठरलेली गंमत आहे, ज्याचा पडला त्याने काहीतरी दंड द्यायचा. शेवटी तळाशी चीजची खरपूस खापरी धरते, ती खरवडून सगळे वाटून खातात, आपण दुधाची खरवड खातो तशी. तिच्यात सगळ्यांच्या ब्रेडचा चुरा असतो. ती तिला कुणी प्रेमाने दिली तरी द्यायची नाही.

म्हणजे वेगळं भांडं, वेगळी शेगडी, धुतलेले वेगळे काटे. बुडवायला सालासकट उकडलेले छोटे बटाटे, नाशपाती, उकडलेला फ्लॉवर. रेस्टॉरंटने ग्लुटेनफ्री ब्रेड देऊ केला तर तो कुठल्या सुरीने कापला ते विचारा. मी तर बटाट्यावरच असतो, आणि ग्रुयेर बटाट्याबरोबर ब्रेडपेक्षा छान लागतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

याच मेनूवर तेलातलं आणि रश्श्यातलं फोंड्यूही असेल, त्यात मांसाचे तुकडे बुडवून शिजवतात. रश्श्याच्या तयार वड्यांत आणि सोया सॉसमध्ये गहू किंवा जव असू शकतो. तेलात कुणी पिठात घोळवलेलं तळलं की ते तेल आपल्यासाठी संपलं, पुरीच्या कढईतल्या भज्यांसारखं. चॉकलेटचं फोंड्यू आलं तर तिथे केकचे तुकडे बुडतात, म्हणून तिची वाटी आधीच बाजूला काढून घ्यायची.

फोन दुपारी अडीच-तीनला करावा, जेवणाची गर्दी ओसरल्यावर, आणि थेट स्वयंपाकघरातल्या माणसाशी बोलावं. "आवडत नाही" किंवा "डाएट आहे" असं म्हणू नये. "त्सोलिआकी" हा सीलियाकचा जर्मन शब्द वापरावा, तो ऐकला की इथला आचारी सावरून बसतो.

---

प्रेषक: एक सभासद, मूळ गाव खानापूर
विषय: उत्तर: जानेवारीचं स्नेहभोजन

तुझी मेल वाचून जीव कळवळला गं. लग्नात भात-दही खाऊन उठली म्हणजे काय. मी तिच्यासाठी तांदळाची भाकरी करून आणू का?

आणि मनात आलं ते विचारते, रागावू नकोस. एखादा कण गेला तर खरंच इतकं होतंय? आमच्या भाच्यालाही सारखं पोटाचं चालू असतंय, त्याचा गहू बंद करून बघावा काय?

---

प्रेषक: मुक्काम टिळकवाडी
विषय: उत्तर: जानेवारीचं स्नेहभोजन

मावशी, रागावेन कशाला. हा प्रश्न मी स्वतः डॉक्टरांना दहादा विचारला होता.

डब्यावर ग्लुटेनफ्री लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, भारतातही आणि युरोपातही. ब्रेडच्या एका कापात साधारण दोन-तीन ग्रॅम असतं. 2007 साली इटलीतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला, त्यात रोज 50 मिलिग्रॅम तीन महिने दिल्यावर रुग्णांच्या आतड्याचं अस्तर बिघडलेलं दिसलं. म्हणजे एका कापाचा साधारण पन्नासावा भाग. शिवाय दर वेळी पोट दुखेलच असंही नाही. बाहेरून मूल हसतं-खेळतं असतं आणि आत इजा चालू राहते. मला भीती वाटते ती याचीच.

भाच्याचा गहू मात्र आत्ता बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. चाचणी रक्ताची असते, गरज पडली तर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासतात. गहू आधीच सोडला तर चाचणीत काही दिसेलच असं नाही आणि निदान लांबतं.

भाकरीसाठी तुमचे हात लागताहेत हेच खूप आहे. पण तुमच्या पोळीच्या तव्यावर, परातीत ती नको हो. आणि बाहेरचं खाणं आत नेऊ देतील का, तेही विचारावं लागेल.

निपाणीचे दादा, तुमची मेल लेकीला वाचून दाखवली. ती खरवडीपाशी थांबली आणि म्हणाली, वेगळ्या भांड्यालाही खरवड येईल ना?

---

प्रेषक: सचिव
विषय: उत्तर: जानेवारीचं स्नेहभोजन

आज दुपारी पावणेतीनला फोन केला. मुख्य आचाऱ्याशी बोलणं झालं. चीजला मक्याचं स्टार्चच लावतात. वेगळं भांडं, शेगडी आणि काटे देतील, बटाटे वेगळ्या पातेल्यात उकडतील. लहान मुलीसाठी वाइनशिवाय करायलाही तयार आहेत. बाहेरचं काही आणू नये असं त्यांनी सांगितलं, म्हणून मावशींनी भाकरी घरच्या भेटीसाठी राखून ठेवावी. आदल्या दिवशी मी पुन्हा फोन करून आठवण देईन. बसायला टेबलाचं टोक मागितलंय, म्हणजे तिच्या भांड्यावरून कुणाचा ब्रेडचा हात जाणार नाही.

---

प्रेषक: मूळ गाव निपाणी
विषय: उत्तर: जानेवारीचं स्नेहभोजन

सचिवसाहेब, तिच्या भांड्यात माझंही नाव लिहा. मला वेगळं नको, वाइन नसली तरी चालेल.

ताई, तिला सांगा, खरवड येते, आणि आम्ही दोघं निम्मी-निम्मी खाऊ. काट्यांच्या दांड्यांच्या टोकांना रंग असतात, कुणाचा कुठला ते कळावं म्हणून. तिला कुठला हवा ते आधी विचारून ठेवा, उरलेला मी घेईन.