प्रति: पाणी वाया घालवू नका, पण कुठलं पाणी?

वर कुणीतरी लिहिलंय की इंदूरला नर्मदा आहे, टाकी दहा मिनिटं ओसंडली तर काय बिघडतं? अहो, ते पाणी नर्मदाकाठच्या जलूद गावाहून येतं. सुमारे 70 किलोमीटर, आणि वाटेत पंपांनी 500 मीटरहून जास्त चढवत. 1978 साली नर्मदा शहरात आली, तेव्हापासून आमच्या रामबागेत नळाला नळ कुणी म्हणतच नाही. ‘नर्मदा आली का गं?’ असंच विचारतात, तेही एक दिवसाआड. म्हणजे रस्त्यावर वाहून जातं त्यातलं निम्मं वीजबिलच समजा.

पण ‘नर्मदेचं म्हणजे शुद्धच’ हे मात्र मला पटत नाही. एका शिबिरातून एच-टू-एसच्या, म्हणजे पाण्यात मैला मिसळलाय का ते तपासायच्या, दोन बाटल्या मिळाल्या होत्या. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, एक-दोन दिवस ठेवायचं. पाणी काळं पडलं की त्यात मैल्याची भेसळ असण्याची शक्यता धरायची. एकीत थेट नळाचं भरलं, दुसरीत आमच्या अंगणातल्या हौदाचं. नळाची पिवळसरच राहिली, हौदाची दुसऱ्या सकाळी शाईसारखी. आई म्हणाली, बाटलीच खराब असेल! मग हौद उपसला, तर झाकणाच्या फटीतून अंगणातलं धुण्याचं पाणी आत झिरपत होतं. आता झाकणाची कड सिमेंटने उंच केलीय, आणि प्यायचं पाणी थेट नळाखाली कळशी लावूनच भरतो. उकळणं चालूच आहे.