रोयणावरची (वारुळावरची) अळंबी: ओळखायची कशी आणि सुक्याला पाणी का सुटतं?

माडाखालची (प्रश्न)
कुडाळच्या बाजारात अळंबीच्या जुड्या यायला लागल्यात. आमच्या काजूच्या बागेच्या बांधावर, वारुळाच्या अंगालाही पांढऱ्या छत्र्या उगवल्यात. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.
१) त्या खायच्या अळंब्या आहेत की कुत्र्याच्या छत्र्या, हे खात्रीने कसं कळतं? शिजवताना चांदीचा चमचा किंवा लसणाची पाकळी टाकून बघतात, ती काळी पडली नाही तर खायला हरकत नाही म्हणतात. खरं का?
२) सुकं (कोरडी भाजी) करायला घेतलं की पाण्यात पोहतं आणि देठ चिवट लागतात. काय चुकतं?
३) उरलेली ठेवता येते का?

सड्यावरची_वाट
पहिल्यांदा चमचा आणि लसूण विसरा. सगळ्यांत घातक अळंबीतलं विष चांदीला काही करत नाही आणि लसणालाही नाही. ‘किड्यांनी खाल्लीय म्हणजे चालते’ हेही तितकंच खोटं. गोगलगायी विषारी छत्र्या आरामात खातात.

रोयणावरची अळंबी ही टर्मिटोमायसिस वंशातली. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ साली हे नाव दिलं. वाळवी पालापाचोळा खाऊन वारुळाच्या पोटात त्याचे स्पंजासारखे थर रचते आणि त्यांवर ही बुरशी वाढवते. म्हणजे ती वाळवीची शेतीच. पाऊस मुरला की त्या थरांतून देठ माती फोडून वर येतो. त्यामुळे खूण जमिनीच्या वर नाही, खाली बघायची.

देठाच्या बाजूची माती सुरीने हलकेच मोकळी करा. देठ खाली निमुळता होत लांब मुळासारखा वारुळाच्या दिशेने गेलेला दिसला पाहिजे. कधी वीतभर, कधी त्याहून जास्त. टोपीच्या मधोमध टोकदार, जरा गडद उंचवटा असतो. खालचे पडदे पांढरे आणि जुने होताना गुलाबी झाक धरणारे.

याउलट बुडाशी अंड्याच्या कवचासारखी पिशवी दिसली तर हातातली छत्री तिथेच टाका. ही अमानिटा या जीवघेण्या विषारी छत्रीची खूण. तिचे पडदे पांढरे, देठावर बहुधा पातळ कडं. ही पिशवी मातीत दडलेली असते, म्हणूनच वरून कापून आणलेल्या छत्रीची ओळख पटत नाही. बाजारातून घेताना मातीसकट देठ असलेली जुडी मागा. नुसत्या टोप्यांचा ढीग कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आणि काजूच्या बागेत वाळवीसाठी क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक ओतलं असेल तर अळंबी अस्सल असूनही खायची नाही.

घाटाखालचा
वरच्यांशी सहमत, दोन भर घालतो.

बीजाणूंचा, म्हणजे पडद्यांतून झडणाऱ्या बियांसारख्या भुकटीचा, ठसा घ्या. उघडलेली टोपी अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पडदे खाली करून ठेवा, वर वाटी पालथी घाला, ५-६ तास थांबा. रोयणावरच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो. हिरवट आला तर ती क्लोरोफायलम. शेणखताच्या ढिगाजवळ आणि हिरवळीवर उगवणारी, कोवळेपणी पडदे पांढरेच असणारी आणि म्हणून फसवणारी. खाल्ल्यावर १ ते ३ तासांत उलट्या सुरू होतात. पांढरा ठसा आला तर अमानिटाची शंका धरायची. मात्र गुलाबी ठसा म्हणजे परवाना नव्हे. एन्टोलोमा नावाच्या विषारी छत्र्यांचाही ठसा गुलाबीच पडतो. त्यांना ते लांब मूळ नसतं. ठसा आणि मूळ, दोन्ही जुळले तरच घरी आणा.

उलट्या लवकर सुरू झाल्या म्हणजे किरकोळ आणि उशिरा झाल्या म्हणजे अपचन, असं समजू नका. अमानिटाचं विष ६ ते २४ तास गप्प असतं. मग उलट्या-जुलाब, मग एक दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवसापासून यकृत जायला लागतं. मधल्या दिवशी ‘उतरलं’ म्हणून घरी बसणं हीच जीवघेणी चूक. उकळून, पाणी टाकून, तळून हे विष जात नाही. शंका येताच १०८ ला फोन करा आणि उरलेली कच्ची छत्री कागदात गुंडाळून डॉक्टरांकडे न्या. म्हणूनच अस्सल अळंबी असली तरी एक कच्ची बाजूला ठेवून मगच शिजवावी.

तिरफळ_चार
आता स्वयंपाकघर.

देठाचं खालचं काळपट, लाकडासारखं टोक कापून टाका, उरलेल्याची साल सुरीने खरवडा. टोप्या मीठ घातलेल्या पाण्यात १० मिनिटं बुडवा, बारीक अळ्या असल्या तर वर येतात. मग स्वच्छ पाण्यात विसळून फडक्यावर पसरा. तासभर भिजत ठेवली की चव पाण्यात जाते. देठ आडवे चिरू नका, हाताने उभे फाडा. धागे सुटे होतात, चिवट लागत नाहीत. टोप्यांचे मोठे तुकडेच करा.

पाणी सुटण्याचं कारण साधं: अळंबीत जवळजवळ ९० टक्के पाणीच असतं. कढई भरगच्च, वर झाकण आणि सुरुवातीलाच मीठ, मग ते सगळं एकदम बाहेर पडून ती स्वतःच्या पाण्यात उकडते.

पाव किलो साफ अळंबीला: २ चमचे तेल, १ कांदा बारीक चिरून. कांदा गुलाबी झाला की देठ घाला, ३ मिनिटांनी टोप्या. आंच मोठी, झाकण नाही. ७-८ मिनिटांत पाणी आटून तेल दिसायला लागतं. तेव्हा मीठ, हळद आणि दीड चमचा मालवणी मसाला. वाटपाला अर्धी वाटी ओलं खोबरं, १ उभा चिरलेला कांदा आणि ५-६ लसूण पाकळ्या तांबूस भाजून वाटा. ते घालून अर्धी वाटी गरम पाणी, १० मिनिटं मंद आंच. शेवटी ३ आमसुलं. आमसुलं घालणार असाल तर लोखंडी कढई नको, भाजी काळी पडते.

नाव तिरफळ असलं तरी सांगते, अळंबीत तिरफळ घालू नका. ते बांगड्याला शोभतं, इथे मातीचा तो वास मारून टाकतं. श्रावणात वशाट (मासे-मटण) बंद असलेल्या घरांत हेच सुकं भाकरीबरोबर खातात.

माडाखालची
मूळ बघितलं, लांब आहे. ठसा रात्री लावते. औषध गड्याने मारलं होतं का, विचारून घेते. पुढच्या वर्षी तिथे पुन्हा येतील ना? आणि ठेवण्याचं?

सड्यावरची_वाट
वारूळ जिवंत असेल तर येतात. कुदळीने फोडलंत तर आतले थर मोडतात आणि पीक संपतं. प्रत्येक छत्रीचं मूळ माती हलकेच सारून तपासा, मगच कापा, दोन-चार उघडलेल्या तशाच सोडा. सातेरी देवीच्या देवळातल्या वारुळाला कुणी हात लावत नाही, तेवढा मान आपल्या बांधावरच्यालाही द्यावा. फणसाड, कर्नाळ्यासारख्या अभयारण्यांतून मात्र काही काढायचं नाही, वन्यजीव कायदा १९७२ खाली तो गुन्हा आहे.

तिरफळ_चार
प्लास्टिकमध्ये बांधू नका, रात्रीत चिकट होते. कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये फार तर २ दिवस. जास्त असेल तर बिनमसाल्याची परतून पाणी आटवा, गार करून फ्रीझरमध्ये ठेवा, दोन महिने राहते. आपल्या पावसात वाळवायला जाऊ नका, सुकायच्या आधी तिच्यावरच बुरशी येते.