पुन्हा: तातडीचं – तीन नंबरची कॉइल बदलली तरी मिस, परवा येळवस

प्रेषक: लातूरवाला

गाडी तीन सिलिंडरची, वरून सीएनजी बसवलेली. कोड पी०३०३, म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर मधूनमधून पेटत नाही, मिस मारतो. प्लगला ठिणगी देणारी एक कॉइल आणली, तीन नंबरला घातली, कोड पुसला. रिंग रोडला एक चक्कर मारून येईपर्यंत पुन्हा इंजिनचा दिवा, पुन्हा तोच कोड. उभ्या गाडीत काही नाही, चढाला चौथ्यात दाबली की मिस मारायली. परवा येळवस, म्हणजे शेतात जेवायची वेळ अमावास्या. आंबिलाचा डेरा आणि पाच माणसं निलंग्याच्या अलीकडं शेतात न्यायचीत. दुकानदार वापरलेली कॉइल परत घेत नाही. प्लग ऑगस्टमध्येच बदललेत, म्हणून कृपा करून प्लग बदला असं सांगू नका.

प्रेषक: औशाच्या ताई

तीन नंबर मोजला कुठून? तीन सिलिंडरला उलट्या बाजूनं मोजलं तर एकची जागा तीन होते, मधला तेवढा बरोबर राहतो. आडव्या बसवलेल्या इंजिनात बहुतेक वेळा टायमिंग चेनच्या बाजूचा एक नंबर आणि गिअरबॉक्सकडचा तीन. आधी ते बघा.

आणि नवी कॉइल घालून बघत बसण्यापेक्षा अदलाबदल करा, पैसे लागत नाहीत. इंजिन थंड, चावी काढलेली. कप्लरची, म्हणजे कॉइलला वायर जोडणाऱ्या प्लास्टिकच्या टोकाची, खिटी दाबायच्या आधी कप्लर थोडा आत ढकला, मग खिटी दाबून ओढा. नुसतं ओढलं तर उष्णतेनं कडक झालेली खिटी तुटते आणि मग नवा प्रश्न. १० नंबरच्या गोटीपान्यानं एकच बोल्ट निघतो. कॉइल सरळ वर ओढू नका. आधी डावीकडं-उजवीकडं वळवून बूट प्लगवरून सुटा करा, मगच ओढा, नाहीतर रबरी बूट खाली प्लगवरच राहतो. आता तीनची कॉइल दोनला आणि दोनची तीनला. फक्त कॉइल हलवायची, कप्लर आपापल्या जागीच. वायर पुरते म्हणून कप्लरही फिरवले तर ठिणगी भलत्याच वेळी पडेल. चिकटपट्टीवर १-२-३ लिहून कप्लरना लावा.

मग चढावर चालवा. कोड पी०३०२ झाला तर कॉइलच. पी०३०३ वरच राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन या क्रमानं जा. पी०३५३, म्हणजे तीनच्या कॉइलच्या सर्किटचा कोड, आला तर वायरिंगकडं बघा. घरी उंदीर असतीलच.

मिस पेट्रोलवरही आहे की फक्त गॅसवर? हे लिहिलंच नाही.

प्रेषक: सेलूकर काका

कॉइलला हात लावायच्या आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा. हे कुणीच लिहीत नाही. आमच्या परभणीकडं येळवस नसते, तरी एवढं कळतं. निगेटिव्हच, पॉझिटिव्ह नाही. पॉझिटिव्ह काढताना पाना बॉडीला टेकला की जाळ.

प्रेषक: जालनेकर

काका, काळजी बरोबर, पण इथं नका लावू. कॉइल बदलायला चावी बंद असली की पुरतं, दोन मिनिटं थांबा आणि कप्लर काढा. निगेटिव्ह काढला की कोड जातो, आणि मिस झाली तेव्हाचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान यांची जी नोंद कॉम्प्युटर ठेवतो तीही जाते. तीच तर हवी. वर आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग, पुन्हा शिकेपर्यंत गाडी दोन दिवस हलत राहील आणि लातूरवाले म्हणतील अजून मिस आहे. आधी स्कॅनरवर ती नोंद बघा, फोटो काढा, मग काय ते काढा.

जुन्या मिस्त्रींची दुसरी सवयही नको: चालू इंजिनमध्ये एकेक कॉइल उपटून आवाज ऐकायचा. एकच कॉइल डिस्ट्रिब्युटरमधून सगळ्या प्लगना ठिणगी वाटायची त्या जमान्यात प्लगच्या वायरी उपटून चालून गेलं. आता वीस-तीस हजार व्होल्टला वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतूनच मार्ग काढते, नाहीतर तुमच्या हातातून. न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. म्हणूनच दिवा लुकलुकायला लागला तर पाय काढायचा. त्या कन्व्हर्टरच्या पैशात दहा कॉइल येतील.

प्रेषक: सेलूकर काका

वर्कशॉप मॅन्युअलात निगेटिव्ह काढा असंच छापलेलं असतं. एवढंच.

प्रेषक: सचिव

सर्वांना विनंती, उत्तर देताना खालचा सगळा मजकूर ओढत नेऊ नका, लोकांना मोबाइलवर वाचायचं असतं. आणि ही ई-मेलची यादी मंडळाच्या कामासाठी आहे हे गणपतीतल्या जनरेटरच्या वेळी ठरलं होतं. लातूरवाले, येताना येसर आणि काळा मसाला आणायचं संक्रांतीच्या यादीत तुमच्या नावावर आहे, त्याचं एका ओळीत कळवा.

जालनेकर, मल्टिमीटरनं कॉइल तपासता येत नाही का? सोपं पडलं असतं.

प्रेषक: जालनेकर

सचिव, दोन पिनांची कॉइल असेल तर प्रायमरीचा रोध मोजता येतो, साधारण अर्धा ते एक ओहम. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये आतच इग्नायटर (कॉइल चालू-बंद करणारं सर्किट) असतो, तिथं आकडा काहीच सांगत नाही. आणि कॉइल गरम झाल्यावर, दाबाखाली मेली तर थंडीत टेबलावर ती चांगलीच दिसणार. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, दाबाखाली ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, सीएनजीला त्याहून जास्त. म्हणून उभ्या गाडीत ठीक आणि चढाला मिस. अदलाबदलीला पर्याय नाही.

प्रेषक: लातूरवाला

ताई, उलटंच मोजलं होतं. नवी कॉइल एक नंबरला जाऊन बसलेली. अदलाबदल केली, कोड पी०३०२ झाला. म्हणजे कॉइलच. मिस दोन्हीवर आहे, गॅसवर जास्त.

पण आता तीनच्या प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल खड्ड्यात, तेल आहे. बूट फुगून लिबलिबीत झालाय, ओढताना त्याचा तुकडा खाली राहिला. प्लग अजून काढला नाही. येसर सांगून ठेवलंय.

प्रेषक: औशाच्या ताई

प्लग काढला नाही हे बरं केलं. प्लग आहे तोवर ते तेल बाहेरच आहे. प्लग काढला की तेल, माती, रबराचा तुकडा सगळं सिलिंडरमध्ये उतरणार.

तुकडा लांब चिमट्यानं काढा. तेल मोठ्या सिरिंजला सलाइनची नळी लावून ओढून घ्या, उरलेलं काडीला सुती कापड गुंडाळून टिपा. मग पायपंपानं हवा मारा, डोळ्यावर चष्मा हवा. पंक्चरवाल्याच्या टाकीची हवा नको, तिच्यात पाणी असतं. त्यानंतर प्लग काढा, इंजिन थंडच. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये गरम असताना आटे ओरबाडतात.

प्लगचा पांढरा चिनी मातीचा भाग बघा. त्यावर उभी बारीक काळपट रेघ असेल तर ठिणगी बाहेरून उतरून बॉडीला जात होती. ती पुसून जात नाही. ऑगस्टचा असो की कालचा, हा प्लग बाद. रेघ असलेल्या प्लगवर नवी कॉइल घातली तर महिन्याभरात तिच्याही बुटात तशीच रेघ उमटणार. म्हणजे प्लग बदला असंच सांगतेय, माफ करा.

नवा प्लग हातानं, प्लगपान्याला नुसती एक्स्टेन्शन लावून, टेकेपर्यंत फिरवा. वॉशरवाला १४ मिमीचा असेल तर त्यापुढं अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, जास्त नाही. आट्यांना ग्रीस लावू नका, घर्षण कमी होऊन प्लग वाजवीपेक्षा जास्त आवळला जातो. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबरात शेवटी -११ असेल तर गॅप, म्हणजे ठिणगी उडते ते अंतर, १.१ मिमी. पण सीएनजीला गॅप कमी ठेवतात, सीएनजी किटच्या पुस्तकात दिलेला आकडा पाळा. इरिडियमचा प्लग असेल तर त्या बारीक टोकाला गेज लावून ठोकू नका.

बुटाच्या तोंडाशी आतून हरभऱ्याएवढं सिलिकॉन ग्रीस, पुढच्या वेळी चिकटणार नाही. बुटातल्या स्प्रिंगला आणि कप्लरच्या पिनांना नको.

प्रेषक: सेलूकर काका

कॉइलचा बोल्ट किती आवळायचा ते राहिलं. एम६ आहे, साधारण १० न्यूटन-मीटर. टॉर्क पान्यावर फूट-पाउंड असेल तर तिथं १० लावू नका, ते साडेतेरा न्यूटन-मीटर होतात आणि हेडमधले आटे बाहेर येतात. साडेसात लावा. पाना नसेल तर छोटी रॅचेट दोन बोटांनी.

प्रेषक: जालनेकर

तेल आलंय ते टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून, नाहीतर प्लगच्या नळीच्या सीलमधून. कुणी तरी म्हणेल कव्हरचे बोल्ट आवळा. आवळू नका. रबर कडक झालंय, बोल्ट खांद्याला टेकतो, त्यापुढं फक्त तुटतो. पॅकिंग बदलायचं, नळीची सीलं वेगळी मिळत असतील तर तीही. पण येळवस झाल्यावर. दोन दिवसांत विहीर भरत नाही.

प्रेषक: औशाच्या ताई

मला हे पटत नाही. नवा बूट तेलात घालायचाच का? पॅकिंगचं काम दीड-दोन तासांचं आहे. कॉइल काढलेल्याच आहेत, एअर क्लीनरचा पाइप काढा, कव्हर रबरी हातोडीनं हलकं ठोकून सोडवा, पेचकस घालून उचकटू नका. जिथं चेन कव्हर हेडला मिळतं त्या दोन सांध्यांवर जुनं सिलिकॉन खरवडून नव्याचा एकेक ठिपका. पॅकिंगभर फासायचं नाही, ते आत गळून तेलाच्या जाळीत जातं. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, दोन फेऱ्यांत. रात्रभर उभी ठेवा. गॅसच्या पाइपाचा नट मध्ये येत असेल तर मात्र त्याला हात लावू नका, जालनेकर म्हणतात तसं नंतर, किटवाल्याकडून.

प्रेषक: जालनेकर

सिलिकॉन नीट सुकलं नाही तर डेऱ्यातली आंबील आणि इंजिनचं तेल दोन्ही शेतात.

प्रेषक: लातूरवाला

गॅसचा पाइप कव्हरवरूनच गेलाय, त्यामुळे पॅकिंग सोमवारी. विहीर कोरडी केली, प्लगवर रेघ होतीच, नवा प्लग घातला. एकला बसलेली नवी कॉइल तीनला घेतली, एकला तिचीच जुनी चांगली कॉइल, दोनची परत दोनला. कोड पुसून औशाच्या रस्त्याला पेट्रोलवर आणि गॅसवर दोन्ही चालवली, पाच जण बसवून. दिवा नाही.

प्रेषक: सेलूकर काका

निगेटिव्ह काढला होता का?