एजंटाला 2 टक्के नेमके कशाचे?

नळस्टॉप
काल इथे कोणीतरी लिहिलं, "रीसेल फ्लॅट एजंटाशिवाय विकणं म्हणजे स्वतःची दाढ स्वतःच उपटणं." खाली अंगठ्यांची रांग. म्हणून हा धागा.

कोथरूडचा 1 कोटी 10 लाखांचा टूबीएचके धरा. 2 टक्के म्हणजे 2 लाख 20 हजार, वर 18 टक्के जीएसटीचे 39,600. तेवढेच पुन्हा समोरच्या पार्टीकडून. बदल्यात काय? मोबाइलवर काढलेले आठ फोटो, त्यातले दोन संडासाचे. भाव कळायला एजंट लागत नाही. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आपल्याच सोसायटीच्या सूची 2 (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) काढा, कुठला फ्लॅट कितीला गेला ते रुपयांत लिहिलेलं असतं. साठेखताचा (विक्रीच्या कराराचा) मसुदा आणि मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च वकील करतो.

वर हा हिशेब बघा. भाव 3 लाखांनी उतरला तर मालकाचे 3 लाख जातात, एजंटाचे जेमतेम 6 हजार. त्याला सौदा लवकर व्हायला हवा. चांगला झाला काय, न झाला काय.

विसारपावती
6 हजारांचा हिशेब मान्य. पुढचा अर्धवट आहे.

जाहिरातीत 'एजंट क्षमस्व' वाचून येणारा गिऱ्हाईक चहा प्यायच्या आधी काय म्हणतो? "तुमचं ब्रोकरेज वाचतंय, तेवढे कमी करा." त्याचंही वाचतंय हे तो बोलत नाही. म्हणजे वाचलेले 2 लाख तुमच्या खिशात येतात हे गृहीत धरू नका.

सूची 2 वरून भाव काढताना क्षेत्रफळ नीट वाचता का? आकडा चौरस मीटरमध्ये (10.764 ने गुणा), एका दस्तात कार्पेट (भिंतींच्या आतलं), दुसऱ्यात बिल्टअप (भिंती धरून), पार्किंग धरलंय की नाही ते वेगळंच. बिल्टअपचा दर कार्पेटला लावलात की 15-20 टक्क्यांची चूक पक्की. मग फ्लॅट सहा महिने पडून राहतो किंवा चार दिवसांत जातो आणि मालक खूश होतो. चार दिवसांत गेला तर खूश व्हायचं नसतं.

सूची_दोन
@विसारपावती, एजंट लोक तरी क्षेत्रफळ वाचतात का? ते 'सेलेबल' सांगतात, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेलं. एकच फ्लॅट तीन एजंट तीन क्षेत्रफळांनी आणि तीन भावांनी पोर्टलवर टाकतात. गिऱ्हाइकाला वाटतं मालक अडचणीत आहे.

'नेट' प्रकरण तर कोणी काढतच नाही. "साहेब, तुमच्या हातात किती हवेत ते सांगा, वरचं मी बघतो." 1 कोटी 5 सांगितलेत, त्याने 1 कोटी 12 ला लावला, वरचे 7 त्याचे, शिवाय समोरून ब्रोकरेज. आणि तो महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता प्राधिकरण) नंबर दाखवतो त्याला भुलू नका. ती नोंदणी महारेरात नोंदलेल्या प्रकल्पांसाठी. 1998 च्या इमारतीतल्या रीसेलला तिचा उपयोग शून्य.

विसारपावती
नेट घेणारे चोर आहेत, बोललो. आता तुम्ही सांगा, मालकावर 38 लाखांचं कर्ज बाकी आहे, तर पैसे कुठल्या क्रमाने फिरतात?

मीच सांगतो. मालकाच्या बँकेचं फोरक्लोजर लेटर (कर्ज फेडायला किती लागतील ते पत्र) आणि मूळ कागदांची यादी. मग खरेदीदाराच्या बँकेची कागद-तपासणी आणि व्हॅल्युएशन. मग साठेखताची नोंदणी. खरेदीदाराचा स्वतःचा हिस्सा पूर्ण दिल्याशिवाय बँक सुटत नाही. मग 38 लाखांचा डीडी थेट मालकाच्या बँकेला, उरलेला मालकाला. अडतं कुठे? लेटरवरच्या तारखेनंतर रोजचं व्याज चढतं, डीडी काही हजारांनी कमी पडतो, खातं बंद होत नाही, कागद सुटत नाहीत. खातं बंद झाल्यावर 30 दिवसांत कागद द्या, नाहीतर रोज 5,000 भरा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर 2023 पासून आहे, पण ते 30 दिवस मोजायला खातं आधी बंद तर व्हायला हवं. या काळात दोन्ही पार्ट्या एकमेकांना चोर समजतात. तेव्हा मध्ये उभा राहणारा लागतो.

लोखंडी_जिना
टीडीएस विसरलात. किंमत 50 लाख किंवा वर असेल तर खरेदीदाराने 1 टक्का आयकर कापून भरायचा. नवरा-बायको घेणारे, नवरा-बायको विकणारे, तर एका फॉर्मात भागत नाही. विकणाऱ्याचं पॅन आधारला जोडलेलं नसेल तर 1 च्या जागी 20 टक्के. हे सांगणारा एजंट मिळाला तर मी 2 टक्के हसत देईन.

तिसरा_मजला
तुम्ही सगळे 2 टक्क्यांवर रडताय आणि सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र)? सोसायट्यांच्या आदर्श उपविधी 38 मध्ये स्पष्ट आहे, हस्तांतराला सोसायटीची एनओसी लागत नाही. हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे सोसायटीची हस्तांतराची फी, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25,000, ऑगस्ट 2001 चं परिपत्रक. कुटुंबातल्या माणसाच्या नावावर करताना तेही नाही. आणि कमिट्या मागतात चौरस फुटावर 'विकास निधी'. तोही विकणाऱ्याने स्वखुशीने द्यायचा!

लोखंडी_जिना
कायदा मान्य, पण बँक फ्लॅटवर कर्जाचा बोजा नोंदवायला सोसायटीचं पत्र मागते. पत्र नाही तर चेक नाही. उपविधी फ्रेम करून भिंतीला लावा.

तिसरा_मजला
म्हणून लाच द्यायची? लेखी अर्ज करा, पोच घ्या. कमिटीने महिन्याभरात निर्णय घ्यायचा असतो. नाही घेतला की सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार.

सूची_दोन
उपनिबंधकाकडून उत्तर येईपर्यंत खरेदीदाराच्या कर्जाची मंजुरी संपते. तुम्ही कमिटीवाल्यांचा राग धाग्यावर काढताय.

तिसरा_मजला
आणि तुम्ही कमिटीवाले दिसताय.

सूची_दोन
हो, दिसतो. गच्चीवर पत्रा टाकून, तीन वर्षांचा मेंटेनन्स थकवून, वडील गेले तरी शेअर सर्टिफिकेट त्यांच्याच नावावर ठेवून लोक एनओसी मागायला येतात. नॉमिनी हा विश्वस्त आहे, मालक नाही. बाकी वारसांनी हक्क सोडल्याचं हक्कसोडपत्र नोंदवा, मग बोला. पत्र यामुळे अडतं, 'निधी'मुळे नाही.

तिसरा_मजला
दोन्हीमुळे अडतं. निधीचं तुम्ही सोयीने गाळलंत.

नळस्टॉप
धागा माझा होता, आठवण करून देतो.

@विसारपावती, डीडी कमी पडण्याचा मुद्दा घेतला. त्याला उपाय दोन ओळींचा: फोरक्लोजर लेटर डीडी निघायच्या तारखेच्या पुढचं मागा, आणि साठेखतात लिहा की ताबा शेवटचा रुपया खात्यात आल्यावर. पण हे न लिहिणारे वकीलही पाहण्यात आहेत, तेव्हा मध्ये कोणीतरी लागतो हे नाइलाजाने मान्य. 2 टक्के तरीही नाही. 1 टक्का, आकडा लेखी, अर्धे नोंदणीला, अर्धे ताब्याला. विसार पावतीच्या (बयाण्याच्या) दिवशी एक रुपया नाही.

विसारपावती
1 टक्क्यात चांगला एजंट तुमचा फ्लॅट तिसऱ्या रविवारी दाखवेल. पहिल्या दोन रविवारी 2 टक्केवाल्यांचे.

नळस्टॉप
चालेल. तोवर मी संडासाचे फोटो काढतो.

तिसरा_मजला
@सूची_दोन, तुमच्या सोसायटीत विकास निधी चौरस फुटाला किती घेता, ते अजून सांगितलं नाहीत.