सल्ला हवा: मे महिनाभर मुलं कोकणात आजी-आजोबांकडे, समुद्र, परडं आणि फोन

डोंबिवलीची_आई:
मुलगी ८ वर्षांची, मुलगा १२ चा. महिनाभर गुहागर तालुक्यात सासू-सासऱ्यांकडे राहणार आहेत. समुद्र चालत दहा मिनिटांवर, मागे काजूची बाग, परड्यात विहीर. सासऱ्यांनी सत्तरी ओलांडली आहे, पण फोन सराईतपणे वापरतात आणि मुलं तोच फोन मागणार. समुद्रावर कधी सोडावं, साप-विंचवासाठी काय तयारी ठेवावी, फोन कसा लावून द्यावा? नेमकं सांगा.

खाडीकाठ:
आजोबांना सांगा, दोन्ही नातवंडांना भरतीचं गणित पहिल्याच दिवशी शिकवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी ३ च्या सुमारास पूर्ण भरती आणि साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा.

याचा उपयोग असा: पाणी एकसारखं उतरत नाही. सहापैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं उतरतं. म्हणजे तृतीया ते पंचमीला, संध्याकाळी ५ ते ७, सगळे किनाऱ्यावर येतात नेमकी तेव्हाच ओढ जबर असते. त्या दिवसांत मुलांनी वाळूतच खेळावं. एकादशी-द्वादशीला संध्याकाळी पाणी चढतं असतं, डुंबायला ते त्या मानाने बरं. पण तेव्हा खडपात (किनाऱ्यावरच्या खडकाळ भागात) खेकडे-शिंपल्या बघत बसलेल्या पोराच्या मागून पाणी भरतं आणि परतीची वाट बुडते. म्हणून चढत्या पाण्यात खडपात जायचं नाही.

लाटा फुटताना दोन फेसाळ पट्ट्यांच्या मध्ये एखादा पट्टा गडद, गुळगुळीत, शांत दिसतो. मुलं तिथेच उतरतात, कारण तिथे लाट अंगावर येत नाही. किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत आत जातं ते त्याच पट्ट्यातून! मुलांना वाळूवर उभं करून तो बोटाने दाखवा, नुसतं सांगून कळत नाही. खाडीच्या मुखाशी कोणत्याही तिथीला उतरायचं नाही.

धाकटीला गुडघ्यापर्यंत, मोठ्याला कमरेपर्यंत. एक जाणता माणूस पाण्यात, मुलांच्या समुद्राकडच्या बाजूला उभा हवा. आजोबांना ते झेपणार नसेल तर गावातला पोहणारा कोणीतरी ठरवून बरोबर न्या, नाहीतर पाण्यात उतरणं नाही. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे झटायचं नाही. पाठीवर तरंगायचं, हात वर करायचा, जमलं तर किनाऱ्याला समांतर सरकायचं. काठावरच्याने मागे उडी टाकू नये. घट्ट झाकणाचा ५ लिटरचा रिकामा कॅन आणि त्याला बांधलेली १५ मीटर नायलॉनची दोरी रोज सोबत न्या, बुडणाऱ्याकडे तोच फेकायचा. कॅनमध्ये पेलाभर पाणी ठेवा, नाहीतर तो वाऱ्याने भरकटतो.

हवेच्या ट्यूब समुद्रावर नकोतच. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून वाहतो आणि ट्यूब बघता बघता आत नेतो.

मळभ_आलं:
एक जोड. मेच्या शेवटच्या आठवड्यात समुद्र खवळायला लागतो, तेव्हापासून पाण्यात जाणं बंद. वळिवाचा पहिला गडगडाट ऐकला की किनारा आणि माडाखालची जागा सोडून घरात, शेवटच्या गडगडाटानंतर अर्ध्या तासाने बाहेर.

परसदार:
विहिरीला किमान तीन फूट कठडा किंवा कुलूप असलेली जाळी हवी. ती मुलं पोचायच्या आधी बसवून घ्या. मे महिन्यात पाणी तळाला गेलेलं असतं आणि वरून खोली कळत नाही, म्हणून उडी मारणं बंद. पोहायला शिकवताना कॅन पाठीवर, काखेच्या खाली आवळून बांधावा. कमरेला बांधलेला घसरतो, ढुंगण वर येतं आणि डोकं पाण्यात जातं. जुन्या चिरेखाणीतल्या पाण्याकडे फिरकू देऊ नका. चारही बाजू ताशीव, वर यायला पाऊल ठेवायलाही जागा नसते.

फुरसं (छोटा विषारी साप) आणि विंचू जांभ्याच्या गडग्यात, लाकडांच्या राशीत, सोडणांच्या (नारळाच्या सालींच्या) ढिगात असतात. काजू वेचताना पाला आधी काठीने सारायचा, मग हात. ओल्या बीचं तेल अंगाला लागलं की कातडी भाजते, तेव्हा बिया फोडायला देऊ नका. तिन्हीसांजेनंतर बूट आणि बॅटरी हवीच.

साप चावला तर पैंजण, अंगठी लगेच काढा, हातपाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका, मुलाला उचलून न्या. घट्ट आवळणं, चिरणं, चोखणं यातलं काही करू नका. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं आणि ते काही तासांनी उघड होऊ शकतं, म्हणून 'बरं दिसतंय' म्हणून घरी थांबू नका. प्रतिसर्पविषाची (सापाच्या विषावरच्या औषधाची) मात्रा मुलांनाही मोठ्यांइतकीच लागते, ती कमी द्या असा आग्रह धरू नका. गुहागरच्या ग्रामीण रुग्णालयात आणि चिपळूणजवळ कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात हे औषध आहे का, हे आत्ताच फोन करून विचारून ठेवा. १०८ चा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

विंचवाने डंख केल्यावर घाम, उलट्या, गार हातपाय दिसले तर तासभरही थांबू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे प्राझोसिनची गोळी या उपचारात आली, पण ती डॉक्टरांनीच द्यायची.

पासवर्ड_बदला:
आजोबांच्या फोनला बँक जोडलेली असणार, सुरुवात तिथून करा. यूपीआय लाइट चालू असेल तर बंद करा, कारण त्यातून छोट्या रकमा पिनशिवाय जातात. उरलेले पैसे खात्यात परत येतात. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागणारी सेटिंग लावा. ऑटोपेच्या यादीत ओळखीचं नसलेलं काही असेल तर रद्द करा.

फोन देताना ॲप पिनिंग वापरा, म्हणजे फोन एकाच ॲपवर अडकून राहतो. सेटिंग्जमध्ये सुरक्षेखाली मिळतं, नाहीतर वरच्या शोधात 'पिन' लिहा. 'अनपिन करताना पिन विचारा' हे चालू हवं. नातीसाठी यूट्यूब किड्स पिन करून द्यायचं, म्हणजे ती व्हॉट्सॲप किंवा बँकेच्या मेसेजपर्यंत जात नाही. हा पिन मुलांसमोर टाकू नये, मुलं बोटांची चाल पाठ करतात.

मुलाच्या बाबतीत खरा धोका गेममधल्या गप्पांचा. डायमंड, यूसी, रोबक्स (गेममधले पैसे) फुकट देतो म्हणणारा, आणि 'इथे नको, व्हॉट्सॲपवर ये' म्हणणारा, या दोघांना जागीच ब्लॉक करायचं. व्हॉइस चॅट बंद ठेवा. कोणी फोटोवरून धमकावलं तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढा आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा. मुलाला आधीच शब्द द्या की सांगितलं म्हणून फोन काढून घेणार नाही. फोन जाईल या भीतीनेच मुलं गप्प बसतात.

मुलं गावी असेपर्यंत स्टेटसला घर, वाट, किनारा यांचे फोटो नकोत. परत आल्यावर टाका.

डोंबिवलीची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला माझा जुना फोन फॅमिली लिंक (मुलांच्या फोनवर पालकांचं नियंत्रण ठेवणारं गूगलचं ॲप) लावून दिला तर? घरात रेंज येते-जाते.

पासवर्ड_बदला:
चालेल, आजोबांच्या फोनपेक्षा बरंच. वेळेची मर्यादा इथूनच लावून पाठवा, ती रेंज नसतानाही पाळली जाते. तुम्ही डोंबिवलीतून केलेला बदल मात्र रेंज येईपर्यंत तिकडे पोचत नाही. अडलंच तर तुमच्या फॅमिली लिंकमध्ये पालकांचा कोड दिसतो, तो साध्या कॉलवर आजोबांना सांगा आणि त्यांनीच टाकावा. कोड थोड्या थोड्या वेळाने बदलतो, तेव्हा लिहून ठेवून उपयोग नाही.