मदत हवी आहे: जुन्या मोटारीच्या स्टिरिओला फोन जोडल्यावर येणारी शिट्टी

नमस्कार. इंदूरला आमच्या घरी बाबांची जुनी मोटार अजून रोज चालते आणि तिचा मूळ कॅसेट-स्टिरिओ मला काढायचा नाही. त्याच्या मागील सीडी चेंजरच्या (अनेक सीडी वाजवणाऱ्या जोडयंत्राच्या) सॉकेटमधील डावा, उजवा आणि अर्थ (अर्थिंग) या तीन तारांना ३.५ मिमीचा जॅक जोडून मी अडॅप्टर तयार केला आहे. फोन स्वतःच्या बॅटरीवर असताना आवाज स्वच्छ येतो. मात्र तो गाडीतच चार्जिंगला लावला की बारीक शिट्टी सुरू होते आणि इंजिनाचा वेग वाढेल तशी चढत जाते, त्यामुळे हा अर्थ-लूपचा, म्हणजे फोन चार्जर आणि स्टिरिओ अशा दोन वाटांनी अर्थला जोडला गेल्याने होणारा, दोष असावा. तो घालवायला मध्ये १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर (तारा थेट न जोडता आवाजाचा सिग्नल तेवढाच पुढे देणारा) बसवल्यास डग्ग्याचा खर्ज पातळ होईल का? इथल्या महाराणी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हा ट्रान्सफॉर्मर घेताना नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.